फ्लेक्स उतरवायचा कसा? विकिपीडियावर नव्याने पहारा देणाऱ्यांसाठी

मराठी विकिपीडियाचे ‘अलीकडील बदल’ हे पान उघडून रोज अर्धा तास बसलात, तर आठवड्याच्या आत पुढचा मजकूर तुमच्यासमोर येणारच. नाव-गाव बदलेल, बाकी थाट हाच:

‘अमुक तमुक हे महाराष्ट्रातील सुप्रसिद्ध युवा उद्योजक, समाजसेवक, डिजिटल क्रिएटर व प्रेरणादायी वक्ते आहेत. सर्वसामान्य शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या अमुक यांनी लहानपणापासूनच काहीतरी वेगळे करण्याचे स्वप्न उराशी बाळगले होते. अवघ्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी डिजिटल मार्केटिंग क्षेत्रात पाऊल ठेवले आणि मग मागे वळून पाहिले नाही.’

चौकातला फ्लेक्सच हा. गॉगल आणि ‘शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार’ एवढेच काय ते कमी. चौकातला फ्लेक्स महापालिका उतरवते, निदान न्यायालयाने कान पिळल्यावर तरी. इथला तुम्हाला-मला उतरवायचा असतो, आणि तेही फुकट. मी काही प्रचालक (पाने काढायचे, खाती रोखायचे अधिकार असलेला सदस्य) नाही. बरीच वर्षे संध्याकाळी थोडा वेळ पहाऱ्यावर बसतो, इतकेच. पन्नास-शंभर संपादने झाली आहेत आणि आता या कामात हात घालावासा वाटतोय, अशांसाठी हे लिहितो आहे.

आधी समोरच्याचा हिशेब मांडा

नवा पहारेकरी पहिल्याच आठवड्यात चिडतो. ‘यांना लाज कशी वाटत नाही?’ लाजेचा इथे संबंध नाही, हिशेबाचा आहे. विकिपीडियावर पान असले की गूगलवर नाव शोधल्यावर उजवीकडे चौकट येईल, इन्स्टाग्रामची निळी खूण मिळायला वजन येईल, पक्षाच्या तिकिटासाठी मुलाखतीला जाताना प्रिंट काढून नेता येईल, असा समज बाजारात आहे. लग्नाच्या एका बायोडेटात ‘छंद’ या रकान्याखाली विकिपीडियाचा दुवा दिलेला मी स्वतः पाहिला आहे. ही हौस पुरवणारे दुकानदार आहेत. ते पानामागे पैसे घेतात आणि पान टिकल्याचा स्क्रीनशॉट पाठवून मोकळे होतात.

नुसत्या दुव्यांचा धंदा वेगळा. दुसऱ्या प्रतिष्ठित संकेतस्थळावर आपला दुवा असला की गूगलमध्ये आपण वर जातो, हे त्यामागचे जुने गणित. ते मोडावे म्हणून २००५ मध्ये गूगलने ‘नोफॉलो’ ही खूण आणली: जिच्यावर ही खूण आहे तो दुवा शिफारस म्हणून धरू नये. २००७ च्या जानेवारीत इंग्रजी विकिपीडियाने आपल्या सगळ्या बाहेरच्या दुव्यांना ती लावली, आणि आज सगळ्याच विकिपीडियांवर ती लागते. तरी दुवे येतच राहिले. कारण सोपे आहे. दुवा टाकणाऱ्याला दुव्याच्या संख्येवर पैसे मिळतात आणि गिऱ्हाइकाला नोफॉलो माहीत नसतो. शिवाय विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याचा, त्यामुळे तो उचलून छापणारी डझनभर स्थळे असतात. तिथे दुवा आपसूक पोचतो.

यातून पहाऱ्याचा एकच नियम निघतो आणि खालचे सगळे त्यातूनच आले आहे. जाहिरात टाकणाऱ्याच्या वेळेला कोणीतरी पैसे देते आहे, तुमच्या वेळेला कोणी देत नाही. म्हणून ज्या कामाला तुम्हाला तास लागतो आणि त्याला दोन मिनिटे, ते करूच नका. उलटे होईल असे करा.

पहिली पायरी: कुठे बसायचे

‘अलीकडील बदल’ हा सगळ्यांचा आवडता कट्टा, पण स्पॅमसाठी ‘नवीन पाने’ जास्त कामाचे. गाळणीतून फक्त नवख्या सदस्यांची संपादने बघता येतात, ती लावून ठेवा. रोज अर्धा तास पुरे. त्याहून जास्त बसलात तर महिन्याभरात सगळे जगच तुम्हाला जाहिरात वाटू लागेल. हा विनोद नाही, मला तसे झाले आहे.

दुसरी पायरी: विशेषणे काढा आणि उरते ते बघा

वरचाच मजकूर घ्या. ‘सुप्रसिद्ध’ काढा, ‘प्रेरणादायी’ काढा, ‘अवघ्या’ काढा, स्वप्न उराशी बाळगलेले काढा, मागे वळून न पाहणेही काढा. खाली काय उरले? एक माणूस डिजिटल मार्केटिंगचे काम करतो. कुठे? माहीत नाही. कोणत्या साली सुरू केले, कोणते काम गाजले, कोणी दखल घेतली? काही नाही. पान रिकामेच होते, वर फक्त झालर होती.

आता दुसरा मजकूर बघा: ‘आमच्या पंचक्रोशीचे भूषण, लोककलेचे अनभिषिक्त सम्राट, शाहीर अमुक यांनी आपल्या पहाडी आवाजाने महाराष्ट्र दणाणून सोडला.’ इथेही झालर तीच, किंबहुना जरा जास्तच. पण विशेषणे काढल्यावर खाली फडाचे नाव उरते, आकाशवाणीवरच्या कार्यक्रमाचे साल उरते, राज्य शासनाचा पुरस्कार उरतो. हे पान काढायचे नसते, घासायचे असते. भडक भाषा हा स्पॅमचा पुरावा नव्हे. मराठीत माणसाबद्दल प्रेमाने लिहायचे म्हणजे गौरवग्रंथाच्या भाषेतच लिहायचे, असे शाळेपासून आपल्या अंगवळणी पडले आहे. नवख्याला तेवढीच भाषा येत असते.

हे मी नुकसान करून शिकलो. अशाच एका शाहिराच्या पानावर मी दोन मिनिटांत ‘पानकाढा’ साचा (हे पान काढावे, अशी वर लावायची सूचना) लावला आणि जेवायला गेलो. परत आलो तर चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, त्यांच्या नातीचा निरोप. तिने आजोबांच्या ट्रंकेतली सत्तरच्या दशकातली कात्रणे मोबाइलने फोटो काढून आणली होती, कडेला हळदीचा डाग असलेले एक कात्रणही त्यात होते. दुसऱ्या एका सदस्याने त्यावरून पान नीट लिहून काढले. पान आजही आहे. नातीचे ते शेवटचे संपादन ठरले.

तिसरी पायरी: संदर्भ उघडून बघा

संदर्भांची संख्या मोजू नका. बारा संदर्भ असलेले पान साफ पोकळ असू शकते. प्रत्येक दुवा उघडायचीही गरज नाही, पहिले तीन उघडा. बातमीच्या वर किंवा अगदी तळाशी ‘ब्रँड’, ‘स्पॉटलाइट’, ‘पार्टनर कंटेंट’ असे काही बारीक अक्षरांत लिहिले आहे का? ‘या मजकुरासाठी संपादकीय विभाग जबाबदार नाही’ ही ओळ आहे का? बातमीदाराचे नाव आहे का? मग त्यातले एखादे ठसठशीत वाक्य उचला आणि अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य चार स्थळांवर स्वल्पविरामासकट सापडले, तर ती बातमी नव्हे, पत्रक आहे.

यात नवे काही नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते. ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला तो त्यानंतर. आज तेच काम ऑनलाइन होते, आणि तसली बातमी विकिपीडियात ‘विश्वसनीय स्रोत’ म्हणून दाखल होते.

हल्ली एक नवी गोष्ट दिसते. मजकूर गुळगुळीत, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘महत्त्वपूर्ण योगदान’ आणि ‘वारसा’, संदर्भ देखणे. दुवा उघडला की पान अस्तित्वातच नाही. किंवा दुव्याच्या शेपटीला चॅटजीपीटीचे नाव चिकटलेले, कारण तिथून उचलताना शेपूट कापायची राहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिले म्हणून पान वाईट, असे मी म्हणत नाही. पण जो संदर्भ लिहिणाऱ्याने स्वतः उघडून पाहिला नाही, तो तपासत बसायला तुम्ही त्याचे कारकून नाही.

चौथी पायरी: खात्याचा इतिहास

सदस्याच्या नावावर टिचकी मारा, योगदान बघा. खऱ्या नवख्याचा इतिहास वेडावाकडा असतो: आपले गाव, आवडता नट, मधेच क्रिकेट, एक-दोन ठिकाणी चूक, ती सुधारताना आणखी एक चूक. कामावर असलेल्याचा इतिहास सरळ असतो.

इंग्रजी विकिपीडियावर २०१८ पासून नवे पान थेट लेखांत टाकायला खाते ४ दिवसांचे आणि १० संपादने झालेले लागते. त्यामुळे दहा स्वल्पविरामांचे एक तंत्रच निघाले आहे. दहा पानांवर जाऊन दहा ठिकाणी एखादी जागा सोडायची किंवा स्वल्पविराम हलवायचा, चार दिवस गप्प बसायचे आणि पाचव्या दिवशी अकराव्या संपादनात सगळे सजलेले, छायाचित्रासकट, चौदा संदर्भांचे पान एका दमात ओतायचे. इतके सफाईदार विकी-लेखन जाणणारा माणूस दहा संपादने जुना नसतो.

तिकडे दार अरुंद झाले की लोंढा छोट्या विकिपीडियांकडे वळतो. इंग्रजीत तर नवे पान तपासले जाईपर्यंत किंवा ९० दिवस होईपर्यंत गूगलला दाखवलेही जात नाही. म्हणून त्याच नावाचे पान हिंदी, गुजराती, भोजपुरीत आले आहे का ते बघा. मराठीत येणाऱ्या अशा पानांपैकी कित्येक मराठी येणाऱ्याने लिहिलेलीच नसतात. ‘तो एक भारतीय उद्योजक आहे ज्याने स्थापन केले आहे’ असल्या वाक्यावरून ते कळते. विकिडेटावर (विकिपीडियाच्या माहितीकोशावर) त्याच दिवशी नोंद उघडली आहे का, तेही बघा. गूगलच्या चौकटीच्या आशेने आधी तिकडेच धाव असते.

छायाचित्र हा सगळ्यात बोलका साक्षीदार. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या कोठारात, चढवलेल्या फोटोखाली ‘स्वतःचे काम’ लिहिलेले असते, आणि फोटोत तो माणूस स्टुडिओतल्या दिव्यांसमोर हाताची घडी घालून उभा असतो. स्वतःचे काम असेल, तर कॅमेरा कोणी धरला? फोटो छायाचित्रकाराचा असेल तर त्याची परवानगी हवी. चढवणाऱ्या सदस्याचाच असेल तर सदस्याचा आणि त्या माणसाचा काही संबंध आहे. दोन्हींपैकी काहीही असो, चर्चापानावर एक प्रश्न विचारण्याइतके कारण मिळाले.

पाचवी पायरी: दुवे

एखादे पान नव्याने उभे राहिले तर दिसते तरी. जुन्या चांगल्या लेखात खुपसलेला एक दुवा दिसत नाही, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

मराठीत नेहमीचे पाहुणे ठरलेले आहेत. किल्ल्यांच्या लेखांत ट्रेकिंग कॅम्पवाले. कोकणातल्या गावांच्या लेखांत होमस्टे, ‘घरगुती जेवणाची उत्तम सोय’ यासकट. योजनांच्या लेखांत सरकारी वाटावे अशा नावाचे खासगी ब्लॉग. परीक्षांच्या लेखांत नोकरभरतीची स्थळे. सणांच्या लेखांत शुभेच्छा-संदेशवाले, आणि हे तर पंचांग बघून येतात: गुढीपाडव्याच्या आधी आठ दिवस गुढीपाडव्याच्या लेखावर डोळा ठेवून पाहा.

हे सगळे उघड उघड येतात. खरा चतुर माणूस दुवा घालत नाही, बदलतो. लेखात २०११ सालच्या एका बातमीचा संदर्भ आहे आणि दुवा मेला आहे. तो येतो, मेलेल्या दुव्याच्या जागी आपल्या स्थळावरचा तसाच विषय असलेला दुवा लावतो आणि संपादनाच्या सारांशात लिहितो, ‘मृत दुवा दुरुस्त केला’. बदल बघणारा खूश होऊन त्याला आभारांची टिचकी मारून जातो. मीही मारली आहे. यावर उपाय एकच: दुरुस्त केलेल्या दुव्याचा पत्ता वाचा. वर्तमानपत्राच्या जागी इन्व्हर्टर-बॅटरीवाल्याचा ब्लॉग आला असेल तर ती दुरुस्ती नव्हे.

एक दुवा सापडला की तेवढाच काढून पुढे जाऊ नका. विशेष पृष्ठांत बाहेरचे दुवे शोधायची सोय आहे. तिथे ते स्थळ टाका, आणखी कुठे कुठे पेरले आहे ते एका फटक्यात दिसते. मी एकदा पुण्याजवळच्या एका कॅम्पचा एक दुवा काढायला गेलो आणि अकरा लेखांतून काढून आलो. त्यातले तीन किल्ले त्या कॅम्पपासून दोनशे किलोमीटरवर होते.

सहावी पायरी: कृती, आणि किती बोलायचे

उघड जाहिरात असेल तर ‘पानकाढा’ साचा आणि एका ओळीत कारण. विषय ठीक पण भाषा फ्लेक्सची असेल तर ‘जाहिरात’ साचा, किंवा वेळ असेल तर स्वतः झालर कापा. माहिती बरी पण आधार नसेल तर ‘संदर्भ हवा’. मजकूर कंपनीच्या स्थळावरून जसाच्या तसा उचललेला असेल, तर तो प्रताधिकाराचा भंग आहे. मग उल्लेखनीयतेवर (विषय लेख असण्याजोगा आहे की नाही यावर) वाद घालतच बसू नका, तेवढे एकच कारण पुरते आणि ते लवकर निकाली निघते.

सदस्याला निरोप ठेवा. पहिला निरोप नेहमी माणूस चांगल्या हेतूने आला आहे असे धरून. ‘नमस्कार, आपण लिहिलेल्या लेखात स्वतंत्र स्रोत दिसले नाहीत. या विषयाशी आपला काही व्यावसायिक संबंध आहे का? असल्यास कृपया आपल्या सदस्यपानावर नोंदवा.’ बस. हा प्रश्न तुमच्या मनचा नाही. जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच आहे की पैसे घेऊन लिहिणाऱ्याने मालक, गिऱ्हाईक आणि संबंध उघड करायला हवेत. पैसे घेऊन लिहिणे हा गुन्हा नाही, लपवणे हा आहे. काही जण खरेच नोंदवतात आणि मग चर्चापानावर मजकूर सुचवतात. त्यांना मदत करा, ती माणसे कामाची असतात.

निरोपात ‘तुम्ही स्वल्पविरामाचे दहा बदल करून आलात हे मी ओळखले’ असे लिहायचा मोह होतो. लिहू नका. चोराला कुलूप का उघडले नाही हे समजावून सांगणारा शेजारी होऊ नका. पुढच्या वेळी तो बारा बदल करून येईल आणि त्यातला एक एखाद्या किल्ल्याच्या लेखात असेल. (मग मी इथे हे का लिहितो आहे? जे लिहिले ते सगळे या धंद्यातल्या माणसाला पाठच आहे. जे त्यांना ठाऊक नाही, म्हणजे संशयास्पद बदल आपोआप अडवणाऱ्या संपादन गाळणीत नेमके काय पकडले जाते वगैरे, ते इथे नाही आणि चावडीवरही (सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) उघड विचारू नका.)

वाद घालायला लागला तर दोन उत्तरे द्या, तिसरे देऊ नका. ‘मग त्या अमक्याचे पान कसे आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: दाखवल्याबद्दल आभार, तेही बघतो. आणि खरेच बघा, बहुधा तेही काढण्याजोगेच निघते.

सातवी पायरी: तो परत येतो तेव्हा

येतोच. पान उडाले, त्या नावाने नवे पान करायला प्रचालकांनी बंदी घातली, की दुसऱ्या दिवशी ‘ॲड. अमुक’ येते. मग ‘अमुक (उद्योजक)’, मग ‘अमुक दादा’. देवनागरी तर या खेळासाठी हौदच आहे. सूर्यवंशीचा सुर्यवंशी होतो, कुलकर्णीचा कुळकर्णी, ॲ चा ऍ. सगळ्यात वाईट म्हणजे दोन अक्षरांच्या मधे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना नाव तेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शीर्षक असते. तुम्ही नावाने शोधता आणि सापडत नाही.

म्हणून नावाने शोधू नका. विकायची वस्तू त्याला बदलता येत नाही. संकेतस्थळाचा पत्ता, ब्रँडचे नाव, यूट्यूब वाहिनी, हे बदलले तर पान लिहून उपयोग काय? तेच शोधात टाका. मी एक साधी वही ठेवली आहे, डावीकडे पत्ता आणि उजवीकडे तारीख. माणसांची नावे त्यात नाहीत. एकच पत्ता तिसऱ्यांदा दिसला की चावडीवरच्या ‘प्रचालकांना निवेदन’मध्ये तिन्ही संपादनांचे दुवे देऊन टाकतो. प्रचालकांनाही वेळ नसतो, त्यांना गोष्ट सांगू नका, दुवे द्या.

एकच माणूस अनेक खात्यांतून खेळत असेल तर त्याला सॉकपपेट म्हणतात, मोज्याची बाहुली. खाती कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून चालतात याची तांत्रिक पडताळणी ज्यांच्या हाती असते ते चेकयूजर. जिथे स्थानिक चेकयूजर नाहीत तिथे मेटाविकीवर (सगळ्या विकींच्या समन्वयाच्या स्थळावर) स्टुअर्डांकडे, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांकडे, विनंती करावी लागते. त्यांना लागणारी नोंद ९० दिवसच ठेवली जाते, तेव्हा ‘पुरेसा पुरावा जमू दे’ म्हणत वर्षभर बसून राहिलात तर हाती काही लागत नाही. शैली जुळते एवढ्यावर मात्र कोणाला चोर ठरवू नका. एकाच महाविद्यालयाची कार्यशाळा असली की तीस खाती एकाच दुपारी, एकाच इंटरनेट पत्त्यावरून, एकसारखीच लिहितात. बिचाऱ्यांचा एवढाच गुन्हा की सरांनी एकच नमुना दिलेला असतो.

बाहुल्या किती असू शकतात? २०१३ मध्ये पैसे घेऊन पाने लिहून देणाऱ्या विकी-पीआर या अमेरिकी कंपनीशी संबंधित म्हणून इंग्रजी विकिपीडियावर अडीचशेहून जास्त खाती बंद झाली. आणि पहारेकरी म्हणून आलेला प्रत्येक जण आपल्या बाजूचाच असतो असेही नाही. ‘विफिओन’ नावाचा इंग्रजी विकिपीडियाचा एक प्रचालक होता. भारतातल्या एका व्यवस्थापन शिक्षणसंस्थेच्या पानावरच्या त्याच्या संपादनांची लवाद समितीसमोर चौकशी झाली आणि २०१५ मध्ये त्याच्यावर बंदी आली. तोवर तो वर्षानुवर्षे सगळ्यांशी गोड बोलत वावरत होता.

आठवी पायरी: गिऱ्हाईक स्वतः दारात आले तर

कधीकधी पान उडाल्यावर खुद्द तो माणूस येतो. रागावलेला, कधी रडकुंडीला आलेला. ‘मी पैसे भरले आहेत, पान का काढले?’ त्याला वाटते पैसे विकिपीडियाला गेले.

याचे सगळ्यात मोठे प्रकरण २०१५ चे, ऑरेंजमूडी. पहिल्या सापडलेल्या खात्याचे ते नाव. ती टोळी नाकारले गेलेले कच्चे लेख हुडकायची, ज्याच्यावर लेख आहे त्याला गाठायची, आपण जुने जाणते संपादक आहोत असे भासवून पैसे घेऊन पान चढवायची. इथवर समजू शकतो. पण पुढे दर महिन्याला ‘पान उडू नये म्हणून’ हप्ता! न देणाऱ्याचे पान मग उडायचेही. शेवटी ३८१ खाती बंद झाली, २१० लेख काढले गेले. त्यांचे बळी होते छोटे दुकानदार, कलाकार, साधी माणसे.

म्हणून दारात आलेल्या गिऱ्हाइकावर वसकन जाऊ नका. तीन गोष्टी सांगा: विकिपीडिया पानासाठी कधीच पैसे घेत नाही, पान टिकेल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, ज्याने पैसे घेतले त्याच्याशी झालेले बोलणे जपून ठेवा. ‘इथल्या कोणा सदस्याचे नाव सांगून कोणी पैसे मागितले का?’ हेही विचारा. उत्तर कधी कधी ‘हो’ येते, आणि तेव्हा चहा गार होतो.

बोलणे चर्चापानावरच ठेवा. ‘सर, आपला व्हॉट्सॲप नंबर द्या, समजावून सांगतो’ असे कोणी म्हणाले तर देऊ नका. रात्री अकराला फोन येतात. उलट बाजूनेही तेच पाळा. सदस्यनावाआडचा माणूस कोण, फेसबुकवर कोणता, कुठे नोकरीला, हे हुडकून चर्चापानावर टाकणे हा स्पॅमपेक्षा मोठा अपराध धरला जातो आणि बंदी तुमच्यावरच येते. संशय असलाच तर तो प्रचालकांना खासगीत कळवा.

ब्लॅकलिस्ट, आणि एक होमस्टे

एखादा पत्ता फारच छळत असेल तर शेवटचे हत्यार म्हणजे स्पॅम ब्लॅकलिस्ट. एक स्थानिक असते, एक मेटाविकीवर सगळ्या विकींसाठी. त्यात पत्ता गेला की तो नव्याने घालणारे संपादन जतनच होत नाही. वर म्हटलेल्या हिशेबात हे सगळ्यात स्वस्त: एकदा मागणी लिहायची, मग तुम्ही झोपलेले असलात तरी दार बंद. जपून वापरा, कारण एखाद्या वर्तमानपत्राचा पत्ता चुकून अडकला तर त्याचा संदर्भ देऊ पाहणारे सगळेच संपादक अडून बसतात.

कोकणातल्या एका गावाच्या लेखात एक होमस्टे वारंवार येत होता. प्रथम दुवा आला, मी काढला. मग ‘पर्यटन’ या मथळ्याखाली अख्खा परिच्छेद आला, सोलकढीच्या वर्णनासह. वर्णन झकास होते, दुवा काढून सोलकढी ठेवली. तिसऱ्यांदा मेलेल्या संदर्भाच्या जागी आला. चौथ्यांदा शेजारच्या दोन गावांत. वहीत चार तारखा झाल्यावर मागणी लिहिली, पत्ता यादीत गेला आणि चार-पाच महिने सामसूम.

गेल्या आठवड्यात त्याच गावाच्या लेखात एक नवे छायाचित्र आले. खाली मथळा: ‘गावातील नारळी-पोफळीची बाग’. बाग होती खरी, मागे, जरा धूसर. पुढे लाल अक्षरांतला एक फलक होता, इतक्या जवळून टिपलेला की मोबाइल क्रमांकाचे दहाच्या दहा आकडे चष्म्याशिवाय वाचता येत होते. वहीचे पान उलटले, डावीकडे पत्त्याच्या जागी ‘बाग’ असे लिहिले आणि उजवीकडे तारीख टाकली.